१०७ क्रमांकाचं पान

१९७२ सालच्या सुरुवातीची गोष्ट. फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात स्टिलमन ड्रेक नावाचा एकसष्ट वर्षांचा गृहस्थ गॅलिलिओच्या हस्तलिखितांचा ७२ वा खंड पुढ्यात घेऊन बसला होता. या खंडात गॅलिलिओची गतीवरची टिपणं आहेत. सगळे सुटे कागद. कुठे आकृती, कुठे अर्धवट सोडलेला गुणाकार, कुठे लॅटिनमधलं एखादं प्रमेय. विद्वानांना हा खंड नवा नव्हता. अंतोनिओ फावारो या पडुआच्या गणिताच्या प्राध्यापकाने १८९० ते १९०९ अशी वीस वर्षं खपून गॅलिलिओचं समग्र लेखन वीस खंडांत छापलं होतं. इतकं मोठं काम झाल्यावर मूळ कागदांकडे कोण वळतो?

फावारोने एक मात्र केलं होतं. ज्या पानांवर धड वाक्य नाही, नुसते आकडे आणि रेघोट्या आहेत, अशी बरीच पानं त्याने गाळली होती. संपादक म्हणून त्याचंही चूक म्हणता येत नाही. ज्या आकड्यांचा आगापिछा लागत नाही, ते छापून वाचकाच्या हाती काय पडणार? ड्रेक नेमकी तीच गाळलेली पानं बघायला आला होता.

१०७ क्रमांकाच्या पानाच्या मागच्या बाजूला त्याला आठ आकड्यांची उभी रांग दिसली. ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. तिच्या शेजारी १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४. आजूबाजूला थोडी आकडेमोड. अक्षर एक नाही.

दुसरी रांग तर उघडच आहे, एक ते आठचे वर्ग. आता पहिल्या रांगेतला ३३ घ्या आणि त्याला या वर्गांनी गुणत जा. ३३, १३२, २९७, ५२८, ८२५, ११८८, १६१७, २११२. कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघा. कुठे दोनाचा फरक, कुठे एकाचा, कुठे चाराचा. सगळ्यात मोठा फरक शेवटच्या ओळीत, आठाचा. म्हणजे हा पाढा नव्हे. पाढा लिहिणारा माणूस १३२ च्या जागी १३० लिहीत नाही. हे आकडे कोणीतरी पट्टी लावून मोजलेले होते, आणि वर्ग त्यांच्याशेजारी मागाहून मांडलेले होते.

पडणाऱ्या वस्तूने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हा नियम सापडला त्या दिवसाचा हा कागद असावा, असं ड्रेकला वाटलं. त्याचा ऊर वर्षानुवर्षांच्या एका भांडणामुळे जास्तच भरून आला असणार. ते भांडण आधी सांगायला हवं.

गॅलिलिओने आपल्या प्रयोगाचं वर्णन छापलं ते १६३८ साली, हॉलंडमधल्या लायडनला निघालेल्या ‘दोन नव्या विज्ञानांविषयी संवाद’ या पुस्तकात. वर्णन तपशीलवार आहे. सुमारे बारा हात लांबीची लाकडी तुळई, तिच्या कडेवर बोटभर रुंदीची सरळ पन्हळ, पन्हळीत गुळगुळीत घोटलेलं चर्मपत्र चिकटवलेलं, आणि तीतून सोडायला कठीण, गोल, चकाकी दिलेली पितळेच्या जातीची गोळी. तुळईचं एक टोक हात-दोन हात वर उचलायचं आणि गोळी सोडायची. वेळ मोजायला उंचावर टांगलेली पाण्याची मोठी बादली. तिच्या बुडाच्या बारीक नळीतून गोळी सुटल्यापासून पोचेपर्यंत जेवढं पाणी पडलं तेवढं पेल्यात धरायचं आणि नाजूक तराजूत तोलायचं. पाण्याचं वजन म्हणजेच वेळ. शंभर शंभर वेळा करून पाहिलं, नाडीच्या एका ठोक्याच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडला नाही, असं त्याने लिहिलं आहे. पण मोजलेला एक आकडा पुस्तकात दिलेला नाही.

त्यामुळे शंका पहिल्यापासूनच होती. पॅरिसमध्ये मेर्सेन नावाच्या पाद्र्याने हे पुस्तक निघण्याच्याही आधी स्वतः उतारावरून गोळ्या सोडून पाहिल्या होत्या. त्याचं काही जमेना, आणि गॅलिलिओने हे खरंच केलं का, असं त्याने लिहूनही टाकलं. पुढे विसाव्या शतकात अलेक्सांद्र कोयरे हा विज्ञानेतिहासाचा बडा अभ्यासक पुढे आला. रशियात जन्मलेला, पॅरिसमध्ये स्थिरावलेला. १९३९ च्या त्याच्या ग्रंथाने एक पिढी भारून टाकली. त्याचं म्हणणं असं की नवं भौतिकशास्त्र गणिती डोक्यातून जन्मलं, लाकूडकामातून नव्हे. गॅलिलिओचे प्रयोग बहुतेक मनातल्या मनात केलेले. १९५३ मध्ये त्याने त्या बादलीची आणि पन्हळीची यथेच्छ टर उडवली. असल्या सामग्रीतून अचूक काही निघणं शक्यच नाही, असा त्याचा निकाल होता.

मला कोयरे वाचताना नेहमी वाटतं, या माणसाने हातात कधी रंधा धरला नसावा. पण त्याचा दरारा असा की निकाल मान्य झाला. तो तपासून बघायचं १९६१ पर्यंत कोणाला सुचलं नाही. त्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस सेटल या विद्यार्थ्याने पाइनच्या लाकडाची लांब फळी घेतली, बिलियर्डचा चेंडू घेतला, आणि पाण्याच्या घड्याळासाठी फुलझाडाची कुंडी; तिच्या बुडाच्या भोकात काचेची नळी बसवली. थोड्या सरावानंतर नळीवर बोट ठेवायचा-काढायचा हात बसला आणि सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ मोजता येऊ लागली. गॅलिलिओने लिहिलं होतं तितकीच. सेटलचा लेख ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि कोयरेच्या निकालाला पहिली चीर पडली.

अर्थात, करता येतं म्हणजे केलं होतं, असं सिद्ध होत नाही. त्यासाठी गॅलिलिओच्या हातचा पुरावा हवा होता.

ड्रेक हाही या क्षेत्रात आडवाटेने आलेला. उमेदीची सारी वर्षं त्याने सॅन फ्रान्सिस्कोत वित्तव्यवसायात, नगरपालिकांच्या कर्जरोख्यांच्या कामात घालवली होती. गॅलिलिओचं वेड फावल्या वेळातलं. त्यातून त्याने केलेल्या भाषांतराला १९५३ साली खुद्द आइन्स्टाइनची प्रस्तावना मिळाली. १९६७ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षात, टोरांटो विद्यापीठाने त्याला प्राध्यापक म्हणून बोलावलं. हिशेबाच्या वह्यांत जन्म गेलेल्या माणसाला वाक्याविना आकडे दिसले की भीती वाटत नाही. तो आधी एकक शोधतो.

एकक सापडलं. गॅलिलिओ लांबी ‘पुन्तो’ नावाच्या मापात लिहीत असे आणि एक पुन्तो म्हणजे एका मिलिमीटरला जरा कमीच, असं ड्रेकने दुसऱ्या एका पानावरून काढलं. आजूबाजूची आकडेमोडही उलगडली. ती होती ६० ने गुणून वर काही मिळवल्याची. ८२४ म्हणजे तेरा वेळा ६० आणि वर ४४. साठ भागांची छोटी पट्टी पुन्हा पुन्हा टेकवत लांब अंतर मोजणाऱ्याला असाच हिशेब करावा लागतो. शेवटचा आकडा २१०४ पुन्तो, म्हणजे जवळपास दोन मीटर. आणि त्यात चूक किती? आठ पुन्तो, अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

इथे ड्रेक अडला. लांबी इतकी बारीक मोजता येते, पण वेळ? दोन मीटरची फळी अगदी जेमतेम तिरपी केली तरी गोळी साडेचार सेकंदांत खाली येते. त्याचे आठ सारखे भाग म्हणजे प्रत्येक अर्ध्या सेकंदाहून किंचित मोठा. त्या काळच्या घड्याळांना मिनिटाचा भरवसा नव्हता. आणि बादलीतून वाहतं पाणी मध्येच आठ वेळा तोडून तोलणार कसं?

उत्तर त्याला गॅलिलिओच्या घरात मिळालं. बाप विंचेन्झो गॅलिलेई हा फ्लॉरेन्सचा नावाजलेला ल्यूटवादक आणि संगीतशास्त्राचा पंडित, शिवाय भांडखोर. तारेला टांगलेलं वजन दुप्पट केलं की स्वर एक सप्तक चढतो, असं ग्रंथांत शतकानुशतकं लिहिलेलं होतं. विंचेन्झोने तारा टांगून, वजनं लावून पाहिलं आणि सांगितलं, दुप्पट नाही, चौपट वजन लागतं. वर्गाचं नातं, तेही ग्रंथाविरुद्ध आणि हाताने करून. हे १५८० च्या दशकातलं. मुलगा तेव्हा विशीत होता, आणि तो स्वतः आयुष्यभर ल्यूट वाजवत राहिला.

ड्रेकचा तर्क असा. ल्यूटच्या दांडीवर पडदे असतात, आतड्याच्या तातीचे, दांडीभोवती बांधलेले आणि सरकवता येणारे. तशाच ताती गॅलिलिओने उतरत्या पन्हळीवर आडव्या बांधल्या. गोळी त्यांवरून जाते तेव्हा टक् असा बारीक आवाज होतो. मग एखादं कूचगीत ठेक्यात गुणगुणायचं, पहिल्या मात्रेला गोळी सोडायची, आणि टक् मात्रेवर पडते का ते ऐकायचं. आधी पडली तर तात खाली सरकवायची, उशिरा पडली तर वर. सगळ्या ताती ठेक्यात बसल्या की गाणं थांबवायचं आणि सावकाश पट्टीने अंतरं मोजायची. आपल्याकडे बैठकीत तबलजीची एक मात्रा केसभर घसरली तर मागच्या रांगेतला श्रोताही मान वर करतो; सेकंद म्हणजे काय हे त्याला विचारलं तर सांगता येणार नाही, पण लय सुटली हे त्याला तत्क्षणी कळतं. गॅलिलिओने वेळ मोजलीच नाही. त्याने ती कानाने सारखी कापून घेतली आणि मोजली ती लांबी.

ड्रेकने टोरांटोत तशी फळी करून घेतली, उतार पावणेदोन अंशांच्या आसपास ठेवला, ‘ऑनवर्ड, ख्रिश्चन सोल्जर्स’ हे प्रार्थनागीत ठेक्यात म्हटलं आणि ताती सरकवत बसला. (गीत एकोणिसाव्या शतकातलं आहे, गॅलिलिओने दुसरं काहीतरी गुणगुणलं असणार.) आकडे जुळले. १९७३ आणि १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याचे दोन लेख आले.

हा तातींचा भाग अनुमानाचा आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. कागदावर तातीचं नाव नाही, गाण्याचं नाही. काही अभ्यासकांना १०७ व्या पानाचा हा अर्थच मान्य नाही. मला मात्र तो पटतो, तो आकड्यांतल्या चुकांमुळे. मनाने रचलेल्या आकड्यांत चुका अशा इकडेतिकडे विखुरत नाहीत.

आता त्या पानावरच्या माणसाकडे जाऊ. साल १६०४ च्या आसपास, गाव पडुआ, वय चाळीस. व्हेनिसच्या राज्यातल्या या विद्यापीठात तो १५९२ पासून गणित शिकवत होता. पगार तुटपुंजा, बहिणींच्या हुंड्यांचं देणं डोक्यावर. म्हणून घरात विद्यार्थी जेवायला-राहायला ठेवलेले, आणि आवारात एक कारागीर, मार्कांतोनिओ मात्सोलेनी, पितळी मापनयंत्रं घडवून विकायला. फळ्या, पन्हळी, घोटलेल्या गोळ्या यांची वानवा त्या घरात नव्हती.

पिसाच्या झुकत्या मनोऱ्याची गोष्ट याच्या आधीची मानतात. मनोऱ्यावरून त्याने जड आणि हलका गोळा सोडला, प्राध्यापक बघत राहिले, ही कथा विव्हियानी या त्याच्या अखेरच्या शिष्याने लिहिली, प्रसंगाला साठ-पासष्ट वर्षं उलटल्यावर. गॅलिलिओने स्वतः पिसाच्या मनोऱ्याचं नाव कुठेच घेतलेलं नाही. आणि दोन वेगळ्या वजनाच्या गोळ्या बरोबर पडतात हे दाखवायला त्याची गरजही नव्हती. हॉलंडमधल्या डेल्फ्टला सिमॉन स्टेव्हिनने १५८६ सालीच दहापट फरकाचे दोन शिशाचे गोळे तीस फुटांवरून टाकून त्यांचा एकच आवाज ऐकला होता.

पण पिसात असताना गॅलिलिओने उंचावरून गोळे नक्की टाकले होते. त्या काळच्या त्याच्या अप्रकाशित लिखाणात एक विचित्र निरीक्षण आहे. लाकडी गोळा आधी पुढे जातो, मग शिशाचा त्याला गाठतो आणि मागे टाकतो. कित्येक वर्षं हे थोतांड मानलं गेलं. पुढे त्याच सेटलने एका सहकाऱ्यासह माणसांना दोन हातांत दोन गोळे देऊन एकदम सोडायला सांगितलं आणि चित्रीकरण केलं. जड गोळा धरून आवळलेला हात सैल व्हायला थोडा उशीर लागतो. सोडणाऱ्याला वाटतं, दोन्ही बरोबरच सोडले. गॅलिलिओने पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. अर्थ तेवढा चुकला होता.

मनोऱ्याने आणखी एक गोष्ट शिकवली असणार. पिसाच्या उंचीवरून गोळा साडेतीन सेकंदांत खाली येतो. एवढ्यात काय होतं, वेग कसा वाढतो, हे बघायला डोळाही पुरत नाही आणि घड्याळही. पतन हळू करायला हवं. उतरती फळी म्हणजे तीच युक्ती: उतार जितका कमी, तितकं पतन संथ, पण जात तीच. फळी हळूहळू उभी करत नेली तर शेवटी सरळ खाली पडणंच उरतं. वजनाचा प्रश्न बाजूला ठेवून त्याने वेळेचा प्रश्न हातात घेतला. नियम तिथून सापडला.

या युक्तीत एक खड्डा होता आणि त्याला तो दिसला नाही. गोळी फळीवरून घसरत नाही, घरंगळते. तिच्या ऊर्जेचा काही हिस्सा स्वतःभोवती फिरण्यात जातो, आणि त्यामुळे घर्षणाविना घसरणाऱ्या ठोकळ्यापेक्षा ती सात भागांत पाच भाग एवढ्याच त्वरणाने उतरते. हे गणित यायला अजून बराच काळ होता. पण हा ५/७ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो. एका मात्रेतलं अंतर आणि आठ मात्रांतलं अंतर यांचं गुणोत्तर काढलं की तो वरखाली कटून जातो. गॅलिलिओ नेहमी प्रमाणांत विचार करायचा, म्हणून वाचला. जिथे त्याने प्रत्यक्ष आकडा द्यायचं धाडस केलं, तिथे आपटला: १६३२ च्या पुस्तकात त्याने शंभर हात उंची पाच सेकंदांत पडून होते असं लिहिलं. शंभर हात म्हणजे साठ मीटरच्या आतच. पाच सेकंदांत वस्तू याच्या दुपटीहून जास्त पडते.

१०७ व्या पानावरच्या अंतरांची वजाबाकी केली तर दर मात्रेला गोळी किती गेली ते कळतं: ३३, ९७, १६८, २२८, २९८, ३६८, ४२८, ४८४. सगळ्यांना ३३ ने भागा. १, जवळजवळ ३, ५, ७, ९, ११, १३, आणि शेवटचा १५ ला थोडा कमी. विषम संख्यांची रांग. १६ ऑक्टोबर १६०४ ला गॅलिलिओने व्हेनिसमधला मित्र पाओलो सार्पी याला पत्र लिहिलं, त्यात हे दोन्ही आहे, अंतरं वेळेच्या वर्गांप्रमाणे आणि सारख्या वेळांतली अंतरं एकपासूनच्या विषम संख्यांप्रमाणे. नियम हातात आला होता.

आणि त्याच पत्रात त्याने कारण चुकीचं दिलं. पडणाऱ्या वस्तूचा वेग सुरुवातीच्या जागेपासून कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं एक निर्विवाद तत्त्व आपल्याला सापडलं आहे, आणि बाकी सगळं त्यातून सिद्ध होतं, असा त्याचा दावा होता. होत नाही. दुप्पट उंचीवरून पडलं की दणका दुप्पट बसतो, हे खांब ठोकणाऱ्या मजुरालाही ठाऊक. म्हणून वेग दुप्पट असणार असं त्याला वाटलं असावं. पण वेग जर अंतरावर अवलंबून असेल तर अंतर शून्य असताना वेग शून्य, आणि वेग शून्य असताना अंतर वाढणार कसं? असली वस्तू हातातून सुटणारच नाही. योग्य उत्तर साधं आहे. वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो. दर मात्रेला तेवढाच जादा वेग. इतक्या तल्लख माणसाला नियम ठाऊक असूनही हे सुचायला पाच-एक वर्षं लागली.

त्या मधल्या काळाचा साक्षीदारही ड्रेकला त्याच खंडात भेटला, ११६ क्रमांकाच्या पानाच्या मागच्या बाजूला. यावर चित्र आहे. टेबलाच्या कडेवरून निघालेल्या आणि जमिनीवर लांब लांब उतरणाऱ्या वक्र रेषा. गोळी उतारावरून सोडायची, टेबलाच्या कडेशी तिला आडवी वळवायची आणि जमिनीवर कुठे पडते ते मोजायचं. टेबलाची उंची ८२८ पुन्तो. उंची तीच असल्यामुळे हवेतला वेळ दर वेळी तोच, म्हणून जितकी लांब पडेल तितका टेबल सोडतानाचा तिचा वेग. वेग मोजायला घड्याळ लागतच नाही.

३०० पुन्तो उंचीवरून सोडलेली गोळी ८०० वर पडली. ६०० वरून सोडली तर? वेग अंतराच्या प्रमाणात असता तर दुप्पट, १६०० वर पडायला हवी होती. ती पडली ११७२ वर. ८०० उंचीवरून १३२८, ८२८ वरून १३४०, १००० वरून १५००. शेजारी त्याने अपेक्षित आकडेही काढून ठेवले आहेत, वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो असं धरून: ६०० साठी ११३१, ८०० साठी १३०६. आणि फरकही मांडला आहे, ४१, २२. सार्पीला कळवलेलं ‘निर्विवाद तत्त्व’ या आकड्यांपुढे टिकत नाही. ड्रेक हे पान १६०८ च्या सुमाराचं मानतो. ते वक्रही नुसते वक्र नव्हते. फेकलेली वस्तू अन्वस्तात जाते हा दुसरा मोठा शोध त्याच कागदावर आकाराला येत होता.

पुढच्याच वर्षी हॉलंडमधून दुर्बिणीची बातमी आली आणि फळ्या कोपऱ्यात गेल्या. चंद्रावरचे डोंगर, गुरूचे चंद्र, फ्लॉरेन्सची नोकरी, कोपर्निकसचा वाद, रोम, १६३३ चा खटला. पतनावरची टिपणं या सगळ्या काळात बासनात पडून होती. ती टिपणं पुन्हा बाहेर निघाली ती आर्चेत्रीच्या घरात, नजरकैदेत. पुस्तक छापून आलं तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या लेखकाची दृष्टी गेली होती. त्यातला एक संवाद मला फार आवडतो. वेग अंतराबरोबर वाढतो हे किती सोपं आणि पटण्याजोगं आहे, असं साग्रेदो हे पात्र म्हणतं; त्यावर साल्व्हियाती उत्तर देतो, चुकीत आपल्याला इतका थोर सोबती मिळाला याचं मला समाधान वाटतं, कारण आपला लेखकही काही काळ याच भ्रमात होता, असं त्याने स्वतः मला सांगितलं. त्या काळच्या शास्त्रग्रंथांत असं वाक्य दुर्मीळच.

तातींविषयी मात्र पुस्तकात चकार शब्द नाही. प्रयोग केला तो गाणं म्हणत, हे विद्वानांपुढे सांगायला त्याला संकोच वाटला असावा, असा ड्रेकचा अंदाज.

आणि आता या कथेतला सगळ्यात अनपेक्षित साक्षीदार. बोलोन्याचा जेझुइट ज्योतिर्विद रिच्चोली. गॅलिलिओचा चाहता तो नव्हता. पृथ्वी फिरते हे त्याला मान्य नव्हतं आणि विषम संख्यांच्या नियमावरही त्याचा संशय होता. पण माणूस कामाचा पक्का. आधी त्याला नेमका सेकंद हवा होता, म्हणून त्याने लंबक बांधला आणि १६४२ च्या एप्रिलमध्ये नऊ जेझुइट पाद्र्यांना आळीपाळीने बसवून चोवीस तास त्याचे हेलकावे मोजून घेतले. ८६,४०० हवे होते, भरले ८७,९९८. रिच्चोलीचं समाधान होईना. पुढे त्याने तोकडा लंबक केला, सेकंदाला सहा ठोके देणारा. ठोके मोजायला सुरात गाणारे, तालाचे पक्के सहकारी घेतले. मग खडूचे गोळे घेऊन मंडळी आसिनेल्लीच्या मनोऱ्यावर चढली. हा मनोरा सत्त्याण्णव मीटर उंच, पिसाच्या जवळपास पावणेदोन पट.

रिच्चोलीच्या सोबत ग्रिमाल्दी होता, प्रकाशाचं विवर्तन पुढे ज्याने शोधलं तो. पाच-पाच ठोक्यांच्या टप्प्यांत गोळा किती फूट पडतो ते त्यांनी वेगवेगळ्या उंचींवरून गोळे टाकून ठरवलं. उत्तर आलं १०, ३०, ५०, ७०, ९०. म्हणजे एक, तीन, पाच, सात, नऊ. इथे फळी नव्हती, घरंगळणं नव्हतं, आणि मोजणाऱ्यांपैकी कोणाला गॅलिलिओ बरोबर निघावा अशी इच्छा नव्हती.

बोलोन्याच्याच विद्यापीठात तेव्हा गणिताचा प्राध्यापक होता बोनावेंतुरा काव्हालिएरी, गॅलिलिओचा जुना अनुयायी. रिच्चोली आणि ग्रिमाल्दी आपणहून त्याच्याकडे गेले आणि तुझ्या गुरूचं म्हणणं खरं निघालं, हे त्याला सांगून आले. गंमत म्हणजे ही हकीकत विसाव्या शतकात पुन्हा उजेडात आणली ती कोयरेने, गॅलिलिओच्या बादलीची टर उडवणाऱ्या त्या १९५३ च्या लेखातच.

रिच्चोलीने हे सगळं १६५१ साली आपल्या ‘आल्मागेस्तुम नोवुम’ या अवाढव्य ग्रंथात छापलं, आकड्यांच्या तक्त्यांसह. एकाच आकाराचे पण वेगळ्या वजनांचे गोळे मनोऱ्यावरून टाकले की जड गोळा काही फूट आधी पोचतो, हेही त्याने मोजून दिलं. हवेचा अडथळा हलक्याला जास्त भोवतो, तेव्हा तेही बरोबरच होतं. आणि त्याच ग्रंथात पृथ्वी फिरते या मताच्या बाजूने ४९ आणि विरुद्ध ७७ युक्तिवाद मांडून ती स्थिर आहे असा कौल दिला.